दुसऱ्यांच्या उद्यावर उभा राहिलेला संघ

जुलै 2019 मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर या अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघाने आठवडाभरात आपले दोन्ही मोठे खेळाडू देऊन टाकले. पॉल जॉर्ज गेला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे आणि रसेल वेस्टब्रुक ह्यूस्टन रॉकेट्सकडे. 2020 पासूनचे दोन हंगाम हा संघ इतका हरला की टीव्हीवर त्यांचे सामने दाखवायचीही कुणाला हौस उरली नाही. आणि 22 जून 2025 ला त्याच संघाने अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सला 103-91 असं हरवून एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचा करंडक उचलला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. एनबीए बघणाऱ्या मराठी माणसाला सामना आणि ऑफिसची तयारी एकत्रच उरकावी लागते, तशीच त्या दिवशीही उरकली. त्या हंगामात थंडरने 82 पैकी 68 सामने जिंकले होते, आणि 1977 च्या पोर्टलंडनंतर एवढा तरुण संघ विजेता झाला नव्हता.

हे कसं झालं याचं एक ठरलेलं उत्तर आहे: संघ मुद्दाम हरतो, हरल्यामुळे चांगली पोरं मिळतात, पोरं मोठी झाली की संघ जिंकतो. उत्तर चुकीचं नाही, पण फार अपुरं आहे. नुसतं हरून जिंकता आलं असतं तर एनबीएतले निम्मे संघ आज विजेते असते. थंडरने खरं काम केलं ते हरण्याच्या आजूबाजूला. ते समजायला आधी या लीगचा व्यवहार कसा चालतो ते बघावं लागेल.

लिलाव नाही, रांग आहे

आयपीएलमध्ये संघ बिघडला तर फारशी चिंता नसते. दर काही वर्षांनी मेगा लिलाव होतो, सगळ्यांच्या हातात सारखाच पैसा येतो आणि तळाचा संघही अव्वल संघाइतकीच बोली लावू शकतो. मधल्या काळात एखादा हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईत परत येतो, पण तो अपवाद. एनबीएत लिलाव हा प्रकारच नाही. पाटी कधी कोरी होत नाही. आज केलेला चुकीचा करार चार-पाच वर्षं गळ्यात राहतो, आणि म्हणून संघ मोडून पुन्हा बांधायलाही तेवढीच वर्षं लागतात.

खेळाडू मिळवायचे रस्ते तीन. पहिला ड्राफ्ट. दरवर्षी जूनमध्ये कॉलेजांतून आणि युरोप-ऑस्ट्रेलियातून आलेले एकोणीस-वीस-बावीस वर्षांचे खेळाडू एका यादीत असतात, आणि 30 संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. दोन फेऱ्या होतात. या पाळीला ‘पिक’ म्हणतात. जो सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी आधी, असं साधारण तत्त्व. पण मुद्दाम हरण्याचा मोह आवरावा म्हणून मध्ये लॉटरी घातली आहे. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, बाहेर राहिलेल्या 14 संघांना आकड्यांच्या जुळण्या वाटून दिल्या जातात, यंत्रातून 14 पैकी चार चेंडू बाहेर येतात आणि पहिल्या चार पाळ्या ठरतात. 2019 पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिली पिक मिळण्याची शक्यता 25 टक्के होती. 2019 पासून तळाच्या तिघांनाही प्रत्येकी 14 टक्केच उरली. म्हणजे वर्षभर सगळ्यांत जास्त मार खाऊनही पाचवा क्रमांक पदरात पडू शकतो.

दुसरा रस्ता फ्री एजंटचा, म्हणजे करार संपलेला खेळाडू पैसे देऊन आणायचा. इथे सॅलरी कॅप आडवी येते. 2024-25 मध्ये ही पगारमर्यादा सुमारे 14 कोटी 6 लाख डॉलर होती. आपल्याच खेळाडूला थांबवून ठेवायला मर्यादा ओलांडता येते, बाहेरचा मोठा खेळाडू आणायचा तर मात्र आत जागा असावी लागते. जागा केली तरी तो आला पाहिजे. लॉस एंजेलिस, मायामी, न्यूयॉर्क सोडून सात लाख वस्तीच्या, गवताळ मैदानातल्या ओक्लाहोमा सिटीत कुणी हौसेने राहायला जात नाही. हे कटू वाटेल, पण त्या संघाच्या प्रत्येक निर्णयामागे ही एक गोष्ट उभी आहे.

तिसरा रस्ता ट्रेड, म्हणजे अदलाबदल. रोख रकमेला इथे फारसं महत्त्व नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा भविष्यातल्या पिक्स दिल्या जातात, आणि मर्यादेच्या वर असलेल्या संघांना दोन्ही बाजूंचे पगार जवळपास जुळवावे लागतात. म्हणून बातमीत एका मोठ्या नावाबरोबर तीन अनोळखी नावं दिसतात. त्यातली काही निव्वळ वजन पुरं करायला टाकलेली असतात.

ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूत एवढं काय सोनं असतं? त्याचा पगार. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार तक्त्यावरून ठरतो. करार चार वर्षांचा असतो, आणि त्यानंतरही दुसऱ्या संघाने दिलेली रक्कम जुळवून त्याला ठेवून घेण्याचा हक्क मूळ संघाकडे राहतो. खेळाडू फुकट गेला तर नुकसान थोडं. तो चमकला तर चार वर्षं ताऱ्याचा खेळ शिकाऊ पगारात. जॅलन विल्यम्स 2024-25 मध्ये सुमारे 48 लाख डॉलरवर खेळत होता आणि त्याने अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात 40 गुण केले. त्याच हंगामात लीगमधला सर्वांत महाग खेळाडू साडेपाच कोटींच्या वर होता.

मधल्या पायरीवर अडकण्याची भीती

थंडरने हे सगळं एकदा अनुभवलं होतं. सिॲटल सुपरसॉनिक्स हा संघ 2008 मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलवला गेला आणि थंडर झाला. 2007 पासून सूत्रं सॅम प्रेस्टी या तरुण जनरल मॅनेजरकडे होती. केव्हिन ड्युरँट, वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन हे तिघे त्याने तीन लागोपाठच्या ड्राफ्टमधून आणले. 2012 मध्ये संघ अंतिम मालिकेत पोहोचला आणि मायामीकडून हरला. त्याच वर्षी पैशांवरून हार्डन ह्यूस्टनला गेला. 2016 मध्ये ड्युरँटचा करार संपला आणि तो गोल्डन स्टेटला निघून गेला. थंडरच्या हाती त्याबदल्यात काही म्हणजे काही आलं नाही. पिक नाही, खेळाडू नाही.

मग पॉल जॉर्जला इंडियानाकडून आणलं, वेस्टब्रुकबरोबर जोडी जमवली, पगाराचा आकडा लीगमधल्या सर्वांत महागड्या संघांइतका वर नेला. निकाल काय? 2018 आणि 2019, दोन्ही वर्षं प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गच्छंती. दुसरी तर फार लागली. पोर्टलंडच्या डेमियन लिलार्डने जॉर्जच्या डोक्यावरून, अर्ध्या मैदानाच्या थोडं पुढून, शेवटच्या सेकंदाला चेंडू टाकला, तो आत गेला आणि लिलार्डने थंडरच्या खेळाडूंना हात हलवून निरोप दिला.

एनबीएत सर्वांत वाईट जागा तळाची नव्हे, ही आहे. संघ इतका बरा की चांगली पिक मिळत नाही, इतका महाग की बाहेरून कुणी आणता येत नाही, आणि इतकाही बरा नाही की जिंकेल. अशा जागी संघ दहा-दहा वर्षं रुतून बसतात आणि दर मोसमात प्रेक्षकांना ‘यंदा वेगळं होईल’ असं सांगत राहतात.

एका रात्रीचा सौदा

2019 च्या उन्हाळ्यात टोरांटोला विजेतेपद मिळवून दिलेला कवाय लेनर्ड फ्री एजंट होता. क्लिपर्सना तो हवा होता. तो यायला तयार होता, पण त्याला जोडीला पॉल जॉर्ज हवा होता. जॉर्जनेही थंडरकडे बदलीची मागणी केली. आता क्लिपर्सच्या नजरेतून बघा. ते एका खेळाडूचा भाव करत नव्हते. जॉर्ज मिळाला तर दोन तारे मिळणार होते, नाही मिळाला तर शून्य, आणि लेनर्ड जाणार कदाचित शेजारच्या लेकर्सकडे. प्रेस्टीला हे माहीत होतं. असा गिऱ्हाईक समोर असताना भाव कोण सोडतो?

थंडरला मिळालं ते असं: शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच पिक्स आणि दोन वर्षांचा ‘स्वॅप’. पाचपैकी तीन पिक्स क्लिपर्सच्या स्वतःच्या होत्या, 2022, 2024 आणि 2026 च्या. दोन मायामीच्या, ज्या क्लिपर्सकडे आलेल्या होत्या. स्वॅप म्हणजे त्या वर्षी दोन्ही संघांची पिक बघायची आणि जी चांगली असेल ती आपण घ्यायची. पिक्स एक वर्ष आड का? कारण लीगचा नियम आहे. लागोपाठच्या दोन वर्षांत पहिल्या फेरीविना राहावं लागेल अशा रीतीने कुणालाही पिक्स देता येत नाहीत. क्लीव्हलंडचा जुना मालक टेड स्टेपियनने 1980 च्या सुमारास पिक्स अशा उधळल्या होत्या की लीगला त्याच्यावर नियम करावा लागला. आजही तो नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो. मधल्या वर्षी पिक देता येत नसली तरी स्वॅप देता येतो, म्हणून मोठ्या सौद्यात पिक आणि स्वॅप आलटून पालटून दिसतात.

पिक म्हणजे दुसऱ्या संघाच्या भविष्यावरचा दावा. क्लिपर्स 2020 मध्ये उत्तम असणार हे सगळ्यांना दिसत होतं. पण 2022 मध्ये? 2026 मध्ये? तिशीकडे झुकलेले दोन तारे, त्यात लेनर्डचे गुडघे. आज जो संघ सगळं पणाला लावतो तो पाच-सात वर्षांनी थकलेला असण्याची शक्यता मोठी, आणि थकलेल्या संघाची पिक वर असते. म्हणून हुशार विक्रेता आजच्या पिकपेक्षा लांबची पिक मागतो. पिक देणाऱ्याला ती स्वस्त वाटते, कारण सात वर्षांनी त्या खुर्चीत तोच बसलेला असेल याची खात्री त्याला स्वतःलाही नसते. निवडणुकीच्या तोंडावर घोषणा का होतात हे ज्यांना कळतं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

क्लिपर्सना मूर्ख म्हणणं मात्र सोपं आणि अन्यायाचं आहे. जॉर्ज आणि लेनर्ड असताना, 2021 मध्ये, ते इतिहासात प्रथमच कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगमधल्या आपल्या विभागाच्या, अंतिम फेरीत पोहोचले. त्यापुढे दुखापतींनी घात केला. 2024 मध्ये जॉर्ज करार संपवून फिलाडेल्फियाला गेला आणि आता क्लिपर्सच्या हाती काही उरलं नाही, जसं ड्युरँटच्या वेळी थंडरच्या हाती उरलं नव्हतं.

आणि गिल्जस-अलेक्झांडर? 2018 च्या ड्राफ्टमधला तो अकरावा खेळाडू. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये वाढलेला, सौद्याच्या वेळी एकवीसही पूर्ण नव्हती. पहिल्या हंगामात सामन्यामागे 10.8 गुण. चांगला होता, होतकरू होता, पण बातम्यांचे मथळे पिक्सचे होते, त्याचे नव्हते. 2024-25 मध्ये तो सामन्यामागे 32.7 गुणांसह लीगमध्ये पहिला आला, सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अंतिम मालिकेचाही सर्वोत्तम ठरला. 2022 ची क्लिपर्सची पिक बाराव्या क्रमांकावर आली, त्यातून सांता क्लारा या छोट्या कॉलेजातला जॅलन विल्यम्स आला. म्हणजे विजेत्या संघातले पहिले दोन स्तंभ एकाच सौद्यातले, आणि दोघांसाठीही थंडरला एकसुद्धा सामना हरावा लागला नव्हता.

नकोशा करारांचं गोदाम

वेस्टब्रुकच्या बदल्यात ह्यूस्टनकडून आला ख्रिस पॉल, वय 34, आणि त्याच्या करारातली पुढची वर्षं अशी महाग की त्याला कुणी हात लावणार नाही असं सगळे म्हणत होते. तो करार पत्करल्याची भरपाई म्हणून ह्यूस्टनच्या दोन पिक्स आणि दोन स्वॅप. पॉलने ओक्लाहोमात एक वर्ष इतकं सुरेख खेळून दाखवलं की सगळ्यांनी मोडीत काढलेला संघ 44-28 (44 विजय, 28 पराभव) करून प्लेऑफमध्ये गेला आणि ह्यूस्टनलाच सात सामन्यांपर्यंत खेचलं. मग नोव्हेंबर 2020 मध्ये पॉल फीनिक्सला गेला, बदल्यात थंडरला काही खेळाडू आणि आणखी एक पिक देऊन. भंगाराच्या भावात आलेली वस्तू पुसूनपासून पुन्हा विकली.

मला सर्वांत आवडते ती दुसरी साखळी. थंडरने आपला डेनिस श्रोडर लेकर्सला दिला, त्यांच्याकडून डॅनी ग्रीन आणि एक पिक आली. ग्रीन फिलाडेल्फियाला दिला, त्यांच्याकडून अल हॉर्फर्ड आला, आणि हॉर्फर्डचा जड पगार उचलला म्हणून 2025 ची पिक. हॉर्फर्ड पुढच्या उन्हाळ्यात बोस्टनला दिला, त्यांच्याकडून केंबा वॉकरचा आणखी जड करार आणि 2021 ची सोळावी पिक. दर वळणावर थंडर दुसऱ्याचा नको असलेला पगार आपल्या खात्यावर घेत होतं आणि त्याचं भाडं पिकच्या रूपात वसूल करत होतं. ज्या वर्षी जिंकायचंच नाही त्या वर्षी पगारमर्यादेतली रिकामी जागा तुमच्या उपयोगाची नसते. जिंकायला निघालेल्या संघांना तीच हवी असते.

या साखळीतल्या फिलाडेल्फियाच्या पिकची गंमत पुढे झाली. तिला ‘संरक्षण’ होतं: ती पहिल्या सहांत आली तर फिलाडेल्फियाकडेच राहणार, सातव्या किंवा पुढच्या क्रमांकावर आली तर थंडरकडे जाणार. 2024-25 मध्ये फिलाडेल्फिया 24-58 असं कोसळलं. थंडरचे चाहते वाट बघत बसले. लॉटरीत ती तिसरी आली, म्हणजे फिलाडेल्फियाकडेच राहिली आणि थंडरचा दावा पुढे ढकलला गेला. बातमीत ‘पाच पिक्स मिळाल्या’ असं वाचलं की आधी हे संरक्षण बघावं. कागदावरच्या सगळ्या पिक्स सारख्या नसतात.

हरण्याची दोन वर्षं

आता हरण्याबद्दल. 2020-21 मध्ये 22-50, पुढच्या वर्षी 24-58. निरोगी असलेल्या हॉर्फर्डला हंगामाच्या उत्तरार्धात घरी बसवलं. एप्रिल 2021 मध्ये सलग 14 पराभव. 2 डिसेंबर 2021 ला गिल्जस-अलेक्झांडरविना खेळताना मेंफिसकडून 152-79 असा मार खाल्ला. 73 गुणांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा.

खेळाडू मैदानावर मुद्दाम हरत नाहीत, हे इथे स्पष्ट केलेलं बरं. करारासाठी धडपडणारा बावीस वर्षांचा पोरगा कशाला हरेल? हरण्याची व्यवस्था वर होते: अनुभवी खेळाडू बसवायचे, दुखापतींना जास्त विश्रांती द्यायची, कच्च्या पोरांना मिनिटं द्यायची. नियमात बसतं. तिकीट काढून आलेल्या माणसाशी ते प्रामाणिक आहे का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. लीगलाही सुटलेला नाही, म्हणून ती लॉटरीचे नियम पुन्हा पुन्हा बदलते.

बरं, एवढं हरून मिळालं काय? 2021 मध्ये लॉटरीने सहाव्या क्रमांकावर ढकललं. त्या वर्षी सर्वांत वाईट ठरलेल्या ह्यूस्टनची पिक पहिल्या चारांबाहेर गेली असती तर ती थंडरला मिळाली असती. ती दुसरी आली, गेली. सहाव्या क्रमांकावर ऑस्ट्रेलियाचा जॉश गिडी घेतला. सोळाव्या क्रमांकावर तुर्कस्तानचा अल्परेन शेंगुन निवडून, दोन भावी पिक्सच्या बदल्यात लगेच ह्यूस्टनला दिला. शेंगुन पुढे ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांपैकी एक, झाला. प्रेस्टीच्या खात्यात अशी पानंही आहेत. 2020 मध्ये सतराव्या क्रमांकावरचा अलेक्सेय पोकुसेव्हस्की हे आणखी एक: सात फुटी, सडपातळ, चेंडू हाताळण्यात तरबेज, आणि शेवटी संघात टिकला नाही.

2022 मध्ये मात्र दुसरी पिक मिळाली. चेट होल्मग्रेन. सात फूट उंची, बास्केटजवळ अडवणारा आणि लांबून चेंडू टाकणारा. त्याने पायाचं हाड दुखावून घेतलं आणि पहिलं अख्खं वर्ष बाहेर बसला. तरी त्या वर्षी संघ 40-42 पर्यंत आला, कारण बाकीचे वाढत होते.

विजेत्या संघाची यादी या दृष्टीने वाचावी. गिल्जस-अलेक्झांडर सौद्यातून. विल्यम्स क्लिपर्सच्या पिकमधून. बचावातला पहाड लू डोर्ट याला 2019 मध्ये 30 पैकी कुठल्याच संघाने निवडलं नव्हतं. आयझया जो फिलाडेल्फियाने सोडून दिलेला. ॲरन विगिन्स 55 वा. केनरिच विल्यम्स एका सौद्यात वजन पुरं करायला आलेला. केसन वॉलेससाठी डॅलसचा एक नकोसा करार उचलून बाराव्यावरून दहाव्या पाळीवर उडी मारली. स्वतः तळाला जाऊन थेट मिळालेला असा एक होल्मग्रेनच.

उलट बाजूही बघा. फिलाडेल्फियाने 2013 पासून तीन वर्षं उघडपणे हरण्याचा प्रयोग केला, 10-72 पर्यंत खाली गेले, जोएल एंबीडसारखा अव्वल खेळाडूही मिळाला, पण त्या संघाने कॉन्फरन्सची अंतिम फेरीसुद्धा पाहिली नाही. सॅक्रामेंटो किंग्स तर 2007 ते 2022 सलग 16 हंगाम प्लेऑफच्या बाहेर होते. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातला पहिला एनबीए सामना झाला तेव्हा इंडियानासमोर खेळलेला संघ हाच. दरवर्षी हरायचे, दरवर्षी वरची पिक यायची. 2018 मध्ये दुसरी पिक हाती असताना त्यांनी मार्विन बॅगली घेतला, आणि पुढच्याच पाळीत लुका डॉन्चिच गेला. 

माणसं घडवणं, आणि सोडणं

पोरं मिळवली की काम संपत नाही. त्यांना कुणीतरी शिकवावं लागतं. नोव्हेंबर 2020 मध्ये थंडरने मार्क डॅगनॉल्टला प्रशिक्षक केलं. वय 35, एनबीए खेळलेला नाही, त्याआधी थंडरच्याच दुय्यम संघाचा, ओक्लाहोमा सिटी ब्लूचा, प्रशिक्षक. तारे सांभाळण्यापेक्षा शिकवण्याचा त्याचा अनुभव दांडगा. 2022 मध्ये सॅन अँटोनियोहून चिप एंगलंड हा नेमबाजी शिकवणारा जुना जाणकार आला. डोर्ट पहिल्या हंगामात लांबून टाकलेल्या चेंडूंपैकी तीस टक्केसुद्धा घालत नव्हता. 2024-25 मध्ये त्याने 41 टक्के घातले. प्रतिस्पर्धी त्याला मोकळा सोडायचे, ते बंद झालं, आणि त्यामुळे गिल्जस-अलेक्झांडरला आत घुसायला वाट मिळाली. ड्राफ्टच्या बातम्यांत हे काम कधी दिसत नाही.

2023-24 मध्ये संघ 57-25 करून पश्चिम विभागात पहिला आला. दुसऱ्या फेरीत डॅलसने, म्हणजे डॉन्चिचने, त्यांना 4-2 असं हरवलं. त्या मालिकेत डॅलसने गिडीला सरळ मोकळा सोडला, कारण तो लांबून धोकादायक नव्हता. मालिकेच्या मध्यात त्याला सुरुवातीच्या पाचांतून काढावं लागलं.

माझ्या मते पुनर्बांधणीतला सर्वांत अवघड क्षण हा. गिडी 21 वर्षांचा, संघाने स्वतः हरून मिळवलेला, गुणी. पाच वर्षं ‘तरुणाई, संयम, भविष्य’ हा जप केल्यावर अशा पोराला सोडायला हात धजावत नाही. बरेच संघ इथेच चुकतात. होतकरूपणा जमवत राहायची सवय लागते आणि तो खर्च करायची वेळ आल्याचं त्यांना कळत नाही. प्रेस्टीने जून 2024 मध्ये गिडी शिकागोला देऊन तीस वर्षांचा ॲलेक्स करूसो घेतला, बचावाचा उस्ताद. पिक मागितली नाही. वर आयझया हार्टनस्टाइनला तीन वर्षांचा 8 कोटी 70 लाख डॉलरचा करार देऊन न्यूयॉर्कहून आणलं. ओक्लाहोमाला कुणी येत नाही ही तक्रार त्या दिवशी बाजूला पडली. त्याला इतका पैसा देता आला, कारण होल्मग्रेन आणि विल्यम्स अजून शिकाऊ पगारावर होते.

आता बिल येणार

2025 च्या उन्हाळ्यात तिघांचेही नवे करार झाले. गिल्जस-अलेक्झांडरचा चार वर्षांचा 28 कोटी 50 लाख डॉलरचा, होल्मग्रेन आणि विल्यम्स यांचे पाच-पाच वर्षांचे, जास्तीत जास्त अनुक्रमे 25 आणि 28 कोटी 70 लाखांपर्यंत जाणारे. 2026-27 पासून या दोघांचा पगार प्रत्येकी चार कोटी डॉलरच्या आसपास सुरू होतो.

2023 च्या नव्या कामगार करारात लीगने ‘दुसरा एप्रन’ नावाची एक वरची रेषा आखली. 2024-25 मध्ये ती सुमारे 18 कोटी 90 लाख डॉलरवर होती. ती ओलांडणाऱ्या संघाला दंडापेक्षा बंधनं जास्त जाचतात: दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची पिक गोठते. पैसेवाल्या मालकाने नुसत्या पैशाच्या जोरावर तारे जमवत राहू नये हा हेतू. या रेषेमुळे विजेते संघ वर्षा-दोन वर्षांत मोडतात. बोस्टनने 2024 मध्ये करंडक जिंकला आणि पुढच्याच उन्हाळ्यात पगार कमी करायला क्रिस्टॅप्स पोरझिंगिस आणि जरू हॉलिडेला दिलं.

थंडरकडे यावर उतारा म्हणजे उरलेल्या पिक्स. महाग झालेला सातवा-आठवा खेळाडू सोडायचा आणि त्या जागी पुन्हा चार वर्षांच्या शिकाऊ पगारावर नवा पोरगा बसवायचा. अडचण आता उलटी आहे. संघात जागा पंधराच असतात. 2025 च्या ड्राफ्टमध्ये विजेत्या थंडरची पाळी तिसावी, सर्वांत शेवटची होती. पॉल जॉर्जच्या सौद्यातला दुसरा स्वॅप त्याच वर्षीचा होता. त्यांनी आपली तिसावी क्लिपर्सना दिली आणि त्यांची चोविसावी घेतली. पण चोविसावा खेळाडू बसवायचा कुठे? तो त्यांनी सॅक्रामेंटोला दिला आणि बदल्यात पुढच्या एका वर्षातली पहिल्या फेरीची पिक घेतली.